अर्ज कुटं हाय?

आमच्या कारखान्यात एक गृहस्थ होते, ते प्रश्न ऐकायच्या आधीच उत्तर द्यायचे. दारात कुणाची सावली पडली की मान वर न करता म्हणायचे, "न्हाय." मग चष्मा कपाळावर सरकवून समोरच्याला नीट न्याहाळायचे आणि विचारायचे, काय काम हुतं? एकदा चहावाला दारात आला आणि "न्हाय" ऐकून तसाच परत गेला. अर्ध्या तासाने हेच गृहस्थ चहा कुठे मेला म्हणून व्हरांड्यात ओरडत होते.

कारखान्यात सगळे त्यांना न्हायसाहेब म्हणायचे. तोंडावर अर्थात नुसतं साहेब. खरं नाव मी सांगणार नाही, आणि त्यांना विचारलंत तर तेही म्हणतील, अर्ज करा.

कारखाना सोलापुरातला, टॉवेलचा. मी निर्यात विभागात, म्हणजे परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करायचे, खोक्यांवर लावायची रंगीत लेबलं छापायची, आणि काही चुकलं की बोलणी खायची. न्हायसाहेबांच्या ताब्यात कारखान्यातले सगळे संगणक, त्यांच्या वायरी आणि राऊटर नावाची एक काळी पेटी होती. या पेटीवर त्यांचा बायकोपेक्षा जास्त जीव होता, असं त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं.

ते मूळचे माळशिरसकडचे. वडील कालव्यावर पाटकरी, म्हणजे कोणत्या शेताला कधी पाणी सोडायचं त्याची दारं सांभाळणारे. वडिलांनी म्हणे सख्ख्या मेव्हण्यालाही पाळी नसताना पाणी दिलं नाही, आणि पुढे बारा वर्षं बहिणीने राखी बांधली नाही. ही गोष्ट न्हायसाहेब इतक्या अभिमानाने सांगायचे की ऐकणाऱ्याला त्या बहिणीचीच दया यावी. मुलगा शिकला, शहरात आला, संगणकात शिरला, पण डोक्यातला कालवा काही आटला नाही. कालव्यातून शेतांकडे पाण्याच्या चाऱ्या काढतात तशा कारखान्यातल्या संगणकांच्या त्यांनी चार चाऱ्या पाडल्या होत्या. ऑफिसची एक, डिझाइन खोलीची एक, मागांच्या शेडची एक आणि येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांची एक. प्रत्येक चारी वेगळी. एकीतलं पाणी दुसरीत जायचं तर मध्ये ती काळी पेटी, आणि पेटीतल्या दारांवर हे.

तसं बघायला गेलं तर यात चूक काही नव्हतं. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाने आपल्या मोबाइलवरून थेट आमच्या डिझाइनच्या फायली बघाव्यात, असं कोणत्या कारखान्याला वाटेल? पण न्हायसाहेबांनी या शहाणपणाचा धर्म करून टाकला होता. त्यांचं एक वचन होतं, "पानी उताराला जातं आन मानूस सवलतीला." दुसरं, "दार उघडाया अक्कल लागत न्हाय, लावाया लागती." ही वचनं ते दिवसातून दोन-तीनदा तरी ऐकवायचे, आणि प्रत्येक वेळी आपण ती पहिल्यांदाच ऐकतोय असा चेहरा आपल्याला करावा लागायचा.

एका चारीतून दुसरीत काही पाठवायचं तर अर्ज. छापील, पिवळ्या कागदावर, तीन प्रतींत. रकाने पाच. कुठून, कुठे, कशासाठी, कधीपर्यंत, आणि मागणाऱ्याचं नाव. एक प्रत त्यांना, एक खात्याला, तिसरी कशाला ते कुणालाच माहीत नव्हतं. मला वाटतं ती ते घरी नेऊन वाचत असावेत. दर शनिवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ते सगळे अर्ज पुढ्यात घेऊन बसायचे. ज्याची मुदत संपली त्याचं दार पेटीतून काढून टाकायचे आणि अर्जावर लाल शाईने 'बंद' लिहायचे. शनिवारी दुपारी त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते मी लग्नाच्या पंगतीत जेवून उठलेल्या माणसाच्याही तोंडावर पाहिलेलं नाही.

आता माझं दुखणं सांगते. रंगीत छापणारा चांगला प्रिंटर कारखान्यात एकच, आणि तो डिझाइन खोलीत. मी ऑफिसात. मधे भलं मोठं अंगण. माझी लेबलं मी माझ्या जागेवरून त्या प्रिंटरला पाठवू शकत नव्हते, कारण चारी वेगळी. मी फाइल न्हायसाहेबांकडे न्यायची, ते तपासणार, त्यांच्या सवडीने पुढे सोडणार, मग मी सोलापूरच्या मे महिन्यात डोक्यावर पदर घेऊन अंगण ओलांडायचं आणि कागद घेऊन परत यायचं. दर महिन्याला मी अर्ज करायचे, दर महिन्याला तो परत यायचा. 'कशासाठी' या रकान्यात एकदा मी चिडून लिहिलं, उन्हात चालण्याचा त्रास होतो म्हणून. त्यावर शेरा आला, 'ऊन सर्वांनाच आहे.'

हे लिहिणारा माणूस स्वतः अठरा अंशांत बसलेला! यंत्रं तापू नयेत म्हणून त्यांच्या खोलीत बारा महिने गारवा. त्यामुळे बाहेर त्रेचाळीस अंश असताना हे आत स्वेटर आणि माकडटोपी घालून. जेवायला बाहेर यायचे तेही तसेच, कारण एवढ्यासाठी कोण काढणार. नवा माणूस कारखान्यात आला की त्याला आम्ही मे महिन्यातली माकडटोपी मुद्दाम दाखवायला न्यायचो.

त्यांचा डबाही त्यांच्यासारखाच. चार कप्पे, चार झाकणं. भाकरी एकात, भाजी दुसऱ्यात, आमटी तिसऱ्यात, शेंगाचटणी चौथ्यात. आमटीचा थेंब भाजीत गेला तर ती भाजी ते खात नसत. भाकरी आमटीत कुस्करून खाणाऱ्या आम्हा लोकांकडे ते बिघडलेल्या यंत्राकडे बघावं तसं बघायचे. खंडेनवमीला कारखान्यात सगळ्या यंत्रांची पूजा होते, मागांना झेंडूच्या माळा, हळदकुंकू. न्हायसाहेबांनी त्यासाठी एक मेलेला जुना राऊटर जपून ठेवला होता. तो बाहेर टेबलावर मांडायचे आणि भटजींना सांगायचे, ह्याची करा. चालत्या पेटीला देवाच्याही हाताने हळद लागलेली त्यांना चालत नव्हती.

एका संक्रांतीला त्यांच्या घरी हळदीकुंकवाला गेले होते. दोन खोल्यांचं घर आणि त्यात तीन वेगळी नेटवर्क. एक साहेबांचं, एक बायकोचं, एक पाहुण्यांचं. वहिनी हसत हसत सांगत होत्या की मोबाइलवरचे फोटो टीव्हीवर बघायचे तर टीव्ही साहेबांच्या चारीत आणि मोबाइल त्यांच्या. मी गंमत म्हणून विचारलं, मग अर्ज करता का? वहिनींनी देव्हाऱ्याखालचा कप्पा उघडला आणि पिवळ्या कागदांचा गठ्ठा काढून दाखवला. मंजूर झालेला एक होता. भाच्याचं लग्न, दोन तास.

एवढ्या कारखान्यात न्हायसाहेबांना एकच माणूस मानत होता, तो म्हणजे राजेशमअण्णा. अण्णा आमचे डिझाइनर. घरात तेलुगू, पिढ्यान्‌पिढ्या विणकाम. कापडावर नक्षी उतरवायची तर पूर्वी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना हाताने भोकं पाडावी लागत. ते काम अण्णांनी उमेदीची सगळी वर्षं केलं आणि पन्नाशीला आल्यावर संगणक शिकले. एक भोक चुकलं तर कापडभर चूक दिसते, हे ज्याने भोगलंय त्याला रकान्यांचं काय जड! सगळ्या कारखान्यात न कुरकुरता पिवळा अर्ज भरणारे अण्णा एकटेच. अक्षरही असं की न्हायसाहेब तो अर्ज लांब धरून बघायचे. चटणीच्या कप्प्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी पाहिला तो फक्त अण्णांचा.

आता तो दिवस. बाहेरच्या गिऱ्हाइकाच्या वतीने माल ठरवणारे एक एजंट आले होते. कोट, अत्तर, हातात दोन मोबाइल. मालक त्यांच्यापुढे नुसते विरघळत होते. एजंटना त्यांच्या संगणकातला एक रंगीत नमुना कागदावर हवा होता. मालकांनी मला बोलावलं आणि म्हणाले, एवढं छापून आणा. मी नेहमीसारखी अंगण तुडवून आणू शकले असते, पाव तासाचं काम. पण सकाळीच माझा महिन्याचा अर्ज परत आला होता आणि मी आतून धुमसत होते. मी मालकांच्या कानाशी वाकले आणि हळूच म्हणाले, "साहेब अर्ज मागतील. पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही. तुम्हीच चला."

मालक उठले. मागे एजंट, त्यांच्या मागे मी. मला तमाशा बघायचा होता, खोटं कशाला बोलू.

दारात सावली पडली, आतून "न्हाय" आलं. मग चष्मा वर गेला आणि मालक दिसले. साहेब उभे राहिले. कागद मी स्वतः छापून आणतो, असं दोनदा म्हणाले. मालक हट्टाला पेटले होते. पाहुण्यांना त्यांच्या जागेवरूनच छापता आलं पाहिजे, आत्ता. साहेबांनी बसून पेटीत एक नियम लिहिला, पाहुण्यांच्या चारीतून डिझाइन खोलीच्या चारीत जाऊ द्यावं. एजंटनी बटण दाबलं. काही झालं नाही.

हे का झालं ते त्यांनीच मला पुढे समजावलं. पेटी नियम वरून खाली वाचते. जो पहिला लागू पडला तो पाळते आणि पुढचे वाचतच नाही. साहेबांनी नवा नियम सवयीने सर्वांत खाली लिहिला होता आणि त्याच्या वर त्यांचाच जुना मनाईचा नियम बसलेला. पण तेव्हा आम्हाला एवढंच दिसलं की सहा वर्षं आमच्यावर राज्य करणाऱ्या माणसाला एक कागद छापता येत नाही. एजंटनी घड्याळ बघितलं आणि सभ्यपणे स्मित केलं. मालक म्हणाले, "एवढी वर्षं या गारव्यात बसून करता काय तुम्ही?"

मी मोठ्याने हसले. हसणारी मी एकटीच होते.

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी तो नियम उचलला आणि सर्वांत वर नेऊन ठेवला. प्रिंटरपुरती वाट नीट आखायला दोन मिनिटं लागली असती, पण मालक डोक्यावर उभे होते. त्यांनी पाहुण्यांची अख्खी चारी डिझाइनच्या अख्ख्या चारीला मोकळी करून टाकली. कागद छापला गेला. जाता जाता साहेब पिवळा कागद हातात घेऊन म्हणाले, मालक, ह्यो अर्ज. मालक वळलेही नाहीत. मी सांगितलं ना, म्हणाले, आणि गेले.

शनिवार आला. साहेबांनी अर्ज काढले, मुदती तपासल्या, लाल शाईने 'बंद' लिहिलं. ज्याचा अर्जच नाही ते बंद कसं होणार? त्यांची सगळी आठवण त्या पिवळ्या कागदात होती. माणूस सगळ्या दारांना कड्या लावत हिंडला आणि पुढचं दार सताड उघडं राहिलं.

त्या महिन्यात एजंट आणखी दोनदा येऊन पाहुण्यांच्या खोलीत तासन्‌तास बसले. मालकांना वाटलं, मोठी ऑर्डर येणार. आली नाही. आलं ते दुसऱ्याच एका कारखान्याचं माहितीपत्रक, आणि त्यात पहिल्याच पानावर चिंचेच्या पानांची किनार.

ही किनार अण्णांची. आमच्या कारखान्याच्या फाटकाजवळच्या चिंचेखाली बसून काढलेली, अजून मागावर चढायची होती. तिच्या एका कोपऱ्यात एक पान उलटं काढलं गेलं होतं, अण्णा ते सुधारणार होते. माहितीपत्रकातही ते पान उलटंच होतं. म्हणजे कुणी पाहून नक्कल केली नव्हती, थेट फाइलच गेली होती. आणि अण्णांचा भाचा त्या दुसऱ्या कारखान्यात कामाला, त्यामुळे संशय अण्णांवर.

मालकांनी डिझाइन खोलीत सगळ्यांना जमवलं. एवढ्या मोठ्या माणसाला असं सगळ्यांपुढे उभं करायला नको होतं. अण्णा आपल्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे. मालकांनी न्हायसाहेबांना विचारलं, या खोलीतून फाइल बाहेर जायला तुमच्या यंत्रात कुठे वाट आहे का?

मला वाटलं, आता हे सांगतील. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी छाती पुढे काढली, माकडटोपी सारखी केली, आणि सहा वर्षांची सगळी मिजास एका वाक्यात ओतली.

"न्हाय. मुंगी जायची न्हाय."

संपलं. यंत्रातून वाट नाही, तर माणसानेच नेली. अण्णांनी साहेबांकडे बघितलं. रागाने नाही. इतकी वर्षं ज्याचे रकाने भरले त्याचं म्हणणं खरंच असणार, असं काहीतरी त्या बघण्यात होतं, आणि म्हणूनच ते मला सहन झालं नाही. मग ते मालकांना म्हणाले, "मालक, कामावरून काढा, चालतंय. चोर म्हणून काढू नका. आमच्या लोकात नाव गेलं तर पोराला पण कुणी मागावर उभं करत नाही."

मालकांनी चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलं. चौकशी कुणी करायची होती ते मात्र कुणाला सांगितलं नाही. अण्णांनी डबा उचलला आणि ते फाटकाबाहेर पडले. चिंचेकडे त्यांनी बघितलं नाही.

मी तीन दिवस गप्प होते. आपला हात दगडाखाली आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंड उघडलं तर मालकांचं नाव येणार, आणि मालकांचं आलं की माझं. चौथ्या दिवशी मी त्या गार खोलीत गेले. "न्हाय" झालं. मग मी म्हणाले, पाहुण्यांसाठी त्या दिवशी जो नियम वर नेला होतात, तो काढला का?

"कुठला?"

मी सगळं सांगितलं. एजंट, मालक, कागद. साहेबांनी फाइल उघडली, त्या महिन्याचे अर्ज एकेक करून उलटले, आणि शांतपणे माझ्याकडे बघितलं.

"अर्ज कुटं हाय?"

"अर्ज नव्हताच, साहेब. मालक नको म्हणाले होते."

"अर्ज न्हवता न्हवं? मंग तसं काय झालंच न्हाय."

मला त्या क्षणी ती फाइल त्यांच्या माकडटोपीवर आपटावीशी वाटली. एक म्हातारा माणूस घरी चोर म्हणून बसलाय आणि हा माणूस पिवळा कागद शोधतोय! मी म्हणाले, पेटीला विचारा, ती काही अर्ज वाचत नाही. बोलले आणि घाबरले, कारण या खोलीत असं कुणी बोलत नसे.

ते वळले. पेटीतले नियम पडद्यावर आले. कोणता नियम किती वेळा वापरला गेला, त्याचा आकडा पेटी त्या नियमासमोरच दाखवते. सर्वांत वर पाहुण्यांचा नियम होता, आणि त्याच्यापुढचा आकडा हजारांत. त्याच्या खाली साहेबांची ती प्रसिद्ध मनाई, जिच्या जोरावर मुंगी जाणार नव्हती. त्या दिवसापासून पुढे तिचा आकडा जागचा हललाच नव्हता. तिच्यापर्यंत कुणी पोचलंच नव्हतं.

साहेबांनी माकडटोपी काढली. मी त्यांचं डोकं पहिल्यांदाच पाहिलं. अगदी साधं, टक्कल पडत चाललेलं डोकं होतं. आकड्यावर बोट ठेवून ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बा आसता तर हितंच कानफटात हानली आसती." नियम काढला आणि पिवळा कागद पुढे ओढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आधी मालकांकडे गेले. निर्यातीच्या कागदांवर सही घ्यायला मी तिथेच उभी होते, म्हणून ऐकलं. मालक सगळं ऐकून खुर्चीत मागे रेलले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले की अण्णांना गुपचूप परत बोलावू, पुरावा मिळाला नाही म्हणू, उगाच चारचौघांत वाच्यता कशाला. व्यवहारी तोडगा होता. कुणीही मान डोलावली असती. मी तर मनातल्या मनात डोलावलीही.

साहेब म्हणाले, "न्हाय. चोर म्हनायला समद्यांना बोलिवलं हुतं. आता बी समदी पायजेत."

सहा वर्षांत त्यांनी काही हजार वेळा तो शब्द उच्चारला असेल. त्यातला एवढा एक मला पटला.

डिझाइन खोलीत पुन्हा सगळे जमले. अण्णांना घरून बोलावून आणलं होतं. न्हायसाहेब मधोमध उभे राहिले, चष्मा लावला आणि अर्ज वाचू लागले. आता यात सुद्धा त्यांचा सोस बघा! साधं सांगून मोकळं व्हायचं, तर नाही. रकाना रकाना वाचून दाखवणार. तीन प्रतींत आणला होता, त्यातली एक अण्णांच्या हातात.

कुठून: पाहुण्यांची चारी. कुठे: डिझाइनची चारी. कशासाठी: चारचौघांत लाज वाटली म्हणून. कधीपर्यंत: लक्षात येईपर्यंत. तारीख मात्र त्यांनी कालचीच घातली होती, मागची घालणं म्हणजे लबाडी.

मग पाचवा रकाना आला. मागणाऱ्याचं नाव. ते थांबले. चष्म्यावरून त्यांनी आधी मालकांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. मी मालकांच्या कानात कुजबुजले होते ती खोली वेगळी, साहेबांच्या गार खोलीपासून लांब. त्यांनी ऐकलं असणं शक्य नव्हतं. पण मी त्यांच्यामागे उभी राहून मोठ्याने हसले होते, ते तर ऐकलं होतं. माणूस काही मूर्ख नव्हता.

त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. "दार ज्यानं उघडलं, त्यानंच मागितलं म्हनायचं," एवढं म्हणून ते अण्णांकडे वळले. "अण्णा, मी मुंगी जायची न्हाय म्हनलं. हत्ती गेला. तुमचं काय बी चुकलं न्हाय."

अण्णांनी तो पिवळा कागद लांब धरून वाचला, अगदी साहेब त्यांचा धरायचे तसा. मग घडी घालून खिशात ठेवला. मी भिंतीला टेकून उभी होते. बोलायला जागा होती, वेळ होता, सगळे समोर होते. मी गप्प बसले.

त्याच दिवशी साहेबांनी राजीनामा दिला आणि मालकांनी तो तिथल्या तिथे घेतला. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांचे कागद अडवले, त्याचा कागद कुणी मिनिटभरही अडवला नाही. अण्णा पुन्हा कामाला लागले. मालकांनी त्यांची माफी मागितली नाही, एक शाल मात्र दिली. चिंचेच्या किनारीतलं ते उलटं पान अण्णांनी नंतर कधी सरळ केलं नाही.

आता आमचं यंत्र पुण्याची एक कंपनी लांबून बघते. मी फोनवर सांगितलं, पाच मिनिटांत प्रिंटर उघडला, कुणी कारणही विचारलं नाही. मी जागेवरून लेबलं छापते. जे सहा वर्षं मागत होते ते मिळालं. पहिल्या आठवड्यात फार बरं वाटलं.

मागच्या उन्हाळ्यात टेंभुर्णीला माहेरी गेले होते, तिथून भावाची गाडी घेऊन माळशिरसकडे गेले. साहेब गावी परतले होते. तिथल्या पाणीवापर संस्थेने त्यांना चारीच्या दारांवर नेमलं होतं, आणि पंचक्रोशीत त्यांचं नाव काढलं की लोक शिव्या देत होते, त्यावरून माणूस मजेत असावा एवढं वाटेतच कळलं. उसाच्या कडेला चारीच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. मांडीवर पाळीपत्रक. चाळीस अंशांत स्वेटर नव्हता, पण माकडटोपी होती. सवय.

माझी सावली पडली. "न्हाय," म्हणाले. मग चष्मा वर गेला. "म्याडम व्हय? बसा की."

बसायला दगड होता. वहिनींची, अण्णांची चौकशी झाली. मग मी वाटभर पाठ केलेलं बोलून टाकलं. त्या दिवशी मालकांच्या कानात मीच सांगितलं होतं, पाहुण्यांसमोर तुमची फजिती व्हावी म्हणून. आणि तुम्ही अर्ज वाचलात तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

साहेबांनी पाळीपत्रकावर एक खूण केली. चारीत पाणी वाहत होतं, त्याकडे बघत त्यांनी विचारलं, "अर्ज कुटं हाय?"

"कसला अर्ज, साहेब?"

"अर्ज न्हवता न्हवं?" ते उठले आणि दाराच्या दांड्याला हात घातला. कुणाची तरी पाळी संपली होती. "मंग तसं काय झालंच न्हाय."

दार खाली गेलं, पलीकडचं पाणी थांबलं. परत येताना गाडीत बसून मी विचार करत होते, त्यांनी मला माफ केलं की माझा आणखी एक अर्ज परत पाठवला. तो विचार अजून करते.